नांदगावात नांदगावकर का नसतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथे गाळलंय. बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून. ऑफिसात आमच्याकडे ग्राहकांची एक भली मोठी यादी आली होती. एकच माणूस दोनदा-तीनदा नोंदवला गेला असेल तर त्या नोंदी शोधून एकत्र करायच्या, असं काम. मी स्क्रिप्ट लिहिली. इंग्रजीत एकच मराठी आडनाव लोक चार स्पेलिंगांनी लिहितात, म्हणून ती सगळी एक समजायची. वर माझी एक हुशारी: आडनाव दुर्मिळ असेल आणि पहिलं नाव जुळत असेल, तर माणूस एकच धरायचा. दोन दिवसांनी टेस्टिंगवाली मुलगी हसत हसत आली. माझ्या स्क्रिप्टने दोन नांदगावकरांचा एक नांदगावकर करून टाकला होता. एकाचा पत्ता अमरावतीचा, दुसऱ्याचा मुरूडचा. ती म्हणाली, "तू नांदगावचा ना? मग तुझेच भाऊबंद असतील, विचारून बघ."

मी नांदगावचा हे खरंय. नाशिक जिल्ह्यातलं, मनमाडच्या पुढचं, रेल्वे लाइनीवरचं नांदगाव. पण तिच्या बोलण्यावर मी थबकलो. कारण बारावीपर्यंत तिथे शिकलो, आणि हजेरीत पवार, आहेर, जाधव, सोनवणे, बागूल, पाटील सगळे होते, पण नांदगावकर? एकही नाही. पेपरात मात्र रोज असायचे. 'नांदगावकर पाण्यासाठी रस्त्यावर', 'नांदगावकरांना दिलासा'. म्हणजे बातमीत आख्खं गाव नांदगावकर आणि शाळेच्या हजेरीत कोणीच नाही!

थोडा विचार केला तर यात कोडं काहीच नाही. गावात सगळेच गावचे. तिथे एखाद्याला 'नांदगावकर' म्हणून ओळखताच येत नाही, कारण त्या ओळखीने तो वेगळा पडत नाही. गावाचं नाव चिकटतं ते गाव सोडल्यावर, आणि चिकटवतात दुसऱ्या गावचे लोक. मी हे स्वतः अनुभवलंय. बीटेकला हॉस्टेलमध्ये गेलो त्या पहिल्या आठवड्यातच माझं नाव 'नांदगाव' पडलं. "ए नांदगाव, चहाला येतो का?" शेजारच्या खोलीत 'परभणी' राहायचा, समोर 'सांगोला'. मी जर दोनशे वर्षांपूर्वी जन्मलो असतो, तर माझी नातवंडं आज नांदगावकर असती. पण माझ्या मार्कशीटवर दुसरं आडनाव आधीच छापलेलं होतं, त्यामुळे हॉस्टेल सुटलं तसं नावही सुटलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये नॉर्मन लोक १०६६ मध्ये आले, त्यानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत तिथे आडनावं पक्की होत गेली, आणि त्यातली पुष्कळशी गावांवरून आली. सटन, नॉर्टन यांच्यातलं शेवटचं 'टन' म्हणजे वस्ती, वाडी. सटन म्हणजे दक्षिणवाडी, नॉर्टन म्हणजे उत्तरवाडी. आता दक्षिणेकडची वाडी कुठल्या तालुक्यात नसते? म्हणून सटन गावं ढिगाने आणि सटन आडनावाची माणसंही ढिगाने, एकमेकांच्या नात्यात नसलेली. माझ्या स्क्रिप्टने तिथेही गोंधळच घातला असता.

नांदगावचं तेच आहे. आमचं तालुक्याचं नांदगाव. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर. रायगडात मुरूडजवळ नांदगाव. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात नांदगाव, कोकण रेल्वेच्या स्टेशनवर 'नांदगाव रोड' अशी पाटी आहे. छत्तीसगडात राजनांदगाव. इतकंच काय, आमच्याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात नांदगाव बुद्रुक आणि नांदगाव सदो आहेत. तेव्हा 'नांदगावकर' हे आडनाव वाचून एवढंच कळतं की कधीतरी कोणीतरी कुठलं तरी नांदगाव सोडलं.

मध्येच एक गंमत. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईत माझगावमधून बाळा नांदगावकरांनी छगन भुजबळांना हरवलं. पुढे २००९ मध्ये भुजबळांचे चिरंजीव पंकज आमदार झाले ते आमच्या नांदगावातून. नांदगावकर मुंबईत निवडून येतात आणि नांदगावात भुजबळ. यापेक्षा सोपं उदाहरण मला देता येणार नाही.

आता आमच्या आसपासच्या गावांकडे बघा. नांदगावहून मनमाड, तिथून येवला. पैठणीचं येवला. १८५७ च्या लढ्यातले तात्या टोपे इथले. त्यांचं नाव रामचंद्र पांडुरंग, आणि आडनाव येवलेकर असं सांगतात. वडील दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीरावाला इंग्रजांनी कानपूरजवळ ब्रह्मावर्तला, म्हणजे बिठूरला पाठवलं, त्याच्यासोबत हे कुटुंबही गेलं. विचार करा, गंगेकाठी वाढणारा मुलगा आणि आडनाव येवलेकर. पुढे तेही मागे पडलं. बाजीरावाने मानाची टोपी दिली म्हणून टोपे, अशी एक गोष्ट आहे, तोफेवरून टोपे अशी दुसरी. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला त्यांना फाशी दिलं, तेव्हा आरोपी म्हणून जगाला माहीत असलेलं नाव होतं तात्या टोपे.

येवल्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की विंचूर येतं. इथे मामला उलटा आहे. विंचूरकर सरदारांचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव हे सासवडचे, आडनाव दाणी. पानिपतच्या रणातून जिवंत परतलेल्या सरदारांपैकी एक. त्यांना विंचूरची जहागीर मिळाली आणि दाण्यांचे विंचूरकर झाले. म्हणजे ज्या गावातून आले त्याचं नाव नाही, ज्या गावाचे मालक झाले त्याचं. पुण्यात त्यांचा वाडा होता, विंचूरकर वाडा. टिळकांनी १८९४ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला तो त्याच वाड्यात. तेव्हा 'कर' लागलं म्हणजे माणूस पोटासाठी बाहेर पडलेलाच असेल असं नाही. काही 'कर' जाणाऱ्यांचे, काही घेणाऱ्यांचे.

आणि मनमाडच्या दुसऱ्या बाजूला चांदवड. शाळेची सहल हमखास तिथे जायची, होळकरांचा रंगमहाल बघायला. होळ हे गाव नीरेकाठी. मल्हारराव होळकर वाढले खानदेशात मामाकडे, राज्य केलं माळव्यात. ज्या होळवरून इंदूरच्या संस्थानाचं नाव पडलं, ते होळ किती जणांना नकाशावर दाखवता येईल? सहलीत गुरुजींनी विचारलं होतं. एकाही हाताने उत्तर दिलं नाही. माझ्याही नाही.

मुंबईची गोष्ट मात्र वेगळी आहे. १८५० च्या दशकात तिथे कापड गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातून माणसांचा लोंढा सुरू झाला. आज मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यात 'कर' जितके दाट, तितके आमच्या नाशिक-खानदेशात नाहीत. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडला हरवणारा भारतीय क्रिकेट संघ आठवा: वाडेकर कप्तान, त्यात गावसकर, सोलकर. नंतर वेंगसरकर, मांजरेकर, तेंडुलकर. कुडाळ तालुक्यातलं तेंडोली गाव जगातल्या प्रत्येक स्टेडियमच्या स्कोअरबोर्डवर लागून गेलं, आणि बहुतेकांना पत्ताही नाही.

यात मला सगळ्यात अडकवून ठेवणारी नोंद साताऱ्याच्या एका शाळेची आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथे एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. मुलाचा जन्म मात्र महूच्या लष्करी छावणीतला. वडिलांनी गावावरून आंबडवेकर हे नाव लावलं, आणि आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांनी ते आंबेडकर केलं असं सांगितलं जातं. ज्या गावात तो मुलगा जन्मला नाही, त्या गावाचं नाव एका रजिस्टरमुळे त्याचं झालं, आणि पुढे ते नाव काय झालं हे मी सांगायची गरज नाही. आज ७ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस असतो.

गावावरच्या आडनावाचा एक गुण इथे लक्षात येतो. एकाच गावातून सगळ्या जातींची माणसं बाहेर पडतात आणि सगळी तेच नाव लावू शकतात. पुण्यात मी खोली शोधत होतो तेव्हा एका घरमालकांनी पहिलं नाव ऐकून घेतलं आणि विचारलं, "पूर्ण नाव?" मग आडनाव ऐकून, "म्हणजे कोण?" तो प्रश्न कशाबद्दल होता हे आपल्याला सगळ्यांना कळतं. त्या दिवशी मला हॉस्टेलमधलं 'नांदगावकर' फार आठवलं. त्या नावाने त्यांना एवढंच कळलं असतं की मी कुठून आलोय, आणि मला वाटतं खोली भाड्याने देणाऱ्याला तेवढं कळणं पुरेसं आहे.

नाव कधी कधी माणूस स्वतः निवडतो. मास्टर दीनानाथ गोव्यातल्या मंगेशीचे, म्हणून मंगेशकर. पण मंगेशी तरी मुळात कुठली? मंगेशाचं देऊळ आधी कुठ्ठाळीला होतं. तो भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, आणि १५६० च्या सुमाराला भक्तांनी देव नदीपलीकडे प्रियोळला नेला. म्हणजे ज्या गावावरून आडनाव आलं, त्या गावातला देवच स्थलांतरित.

सगळ्यात लांब गेलेले 'कर' मात्र अलिबाग-पेणकडचे आहेत. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. जहाज फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांची आडनावं बघा: नवगावकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, दिवेकर, किहीमकर. रायगडच्या एसटीचे थांबे वाचतोय असं वाटतं. त्यांचा इतिहास लिहिला तो हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी, आणि ते पुस्तक १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं गेलं. १९४८ नंतर बरेच जण इस्राएलला गेले. आज लोद, दिमोना, अश्दोदमध्ये दारावर पेणकर अशी पाटी असू शकते. तिकडून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलंय. आता सांगा, त्या घरातल्या तिसऱ्या पिढीच्या मुलासाठी 'पेण' म्हणजे काय? गणपतीच्या मूर्तींचं गाव तर नक्कीच नाही.

याचं टोकाचं उदाहरण वॉशिंग्टन. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम भागात ते गाव आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीला विल्यम नावाच्या एका जमीनदाराने आपली आधीची जमीन सोडून ते गाव घेतलं आणि त्याचं नाव लावलं. आपल्या विंचूरकरांसारखंच. त्याचे वंशज १६५० च्या दशकात अमेरिकेत गेले, त्यांच्यातला जॉर्ज पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. पण २००० च्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे १ लाख ६३ हजार लोक निघाले आणि त्यातले साधारण ९० टक्के कृष्णवर्णीय होते. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा कागदावर आडनाव लागणार होतं, आणि कितीतरी जणांच्या नावापुढे ते लागलं. नकाशावर ते आडनाव बघून कोणी म्हणालं असतं की हे सगळे डरहॅमचे, तर ती माझ्या स्क्रिप्टहून मोठी चूक झाली असती.

आतापर्यंत जेवढी नावं घेतली, ती सगळी पुरुषांमार्फत आलेली आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गाव मात्र बायकांनी जास्त सोडलं. लग्न झालेली प्रत्येक जण.

माझे आजोबा रेल्वेत होते. नांदगाव स्टेशन जुनं; औरंगाबादला रेल्वे पोचायच्या आधी, म्हणजे १९०० पूर्वी, वेरूळची लेणी बघायला येणारे लोक इथे उतरून पुढे गाडीरस्त्याने जायचे. आजी लग्न होऊन आली ती पारोळ्याहून. तेव्हापासून गल्लीत तिला तिच्या नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. ती पारोळेवाली. शेजारी चाळीसगाववाली, पलीकडे मालेगाववाली, आणि एक नुसतीच धुळेवाली. गाव सोडलं की गावाचं नाव चिकटतं, हा तोच नियम. फक्त हे नाव कुठल्या रजिस्टरमध्ये गेलं नाही. रेशन कार्डावर तिच्यापुढे आजोबांचं नाव आणि आजोबांचं आडनाव. बँकेच्या पासबुकावर तेच. माझी आई त्या घरात आली, तिला वेगळ्या गावाने हाक मारू लागले. पारोळेवाली हे नाव पुढच्या पिढीला द्यायची सोयच नव्हती.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. दाखल्यावर तिचं पूर्ण नाव मी स्वतः तपासून घेतलं, स्पेलिंगसकट. त्या आठवड्यात काकूसोबत बाजारात गेलो होतो. भाजीवाल्या मावशींनी आमचे चेहरे बघून विचारलं, कोण वारलं? मी आजीचं दाखल्यावरचं नाव सांगितलं. त्यांना काही उलगडा होईना, त्या वांगी तोलत राहिल्या. मग काकू म्हणाली, "अहो, पारोळेवाली." मावशींनी तराजू खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

तुमच्या घरातल्या आजीला गल्लीत कुठल्या गावाने हाक मारायचे? आई-वडिलांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा, नंबर नेहमीचाच. पुढच्या भागात त्या नोट्स ऐकू.