चक्रवाकाची रात्र

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांपलीकडे हेन्नागरा येथे एक जुने तळे आहे. म्हैसूरच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे फारशी नाहीत. ओढ्यांना आडवे मातीचे बांध घालून शेतीसाठी पाणी अडविले गेले आणि उत्तरेकडील बदकांना हिवाळ्याचा मुक्काम मिळाला. बदलीवर आलेला मी रविवारी दुर्बीण घेऊन तेथे जातो, तो मनात चक्रवाक धरून.

या पक्ष्याला आपल्या वाङ्मयाने जितके रडविले तितके क्वचितच दुसऱ्या कोणास रडविले असेल. दिवसा सहवास आणि रात्री नदीच्या दोन तीरांवर विरह, असा म्हणे त्या जोडप्यास शाप! ‘मेघदूता’तील यक्षाला दूर राहिलेली पत्नी एकाकी चक्रवाकीसारखी वाटते. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरांनी हाच संकेत घेतला, पण त्याला निराळे वळण दिले. सोळाव्या अध्यायाच्या आरंभी भेदाच्या नदीकाठी आक्रंदणारी जोडी आहे ती बुद्धी आणि बोध यांची. ज्ञानसूर्य उगवतो आणि तिचे मीलन होते.

पक्षिशास्त्राची साक्ष मात्र शापाच्या विरुद्ध आहे. चक्रवाक लडाख-तिबेटातील उंच सरोवरांच्या परिसरात वीण करतो, ऑक्टोबरच्या सुमारास मैदानात उतरतो, आणि नर-मादी बहुधा जोडीनेच आढळतात. रात्री चरताना पांगलेल्या जोडीच्या हाकांतून ही कथा उपजली असावी, असा माझा तर्क आहे. म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सालिम अली यांनी केली व तिचा वृत्तान्त १९४२-४३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून तरी आपण कवींवर विसंबून राहण्याचे कारण उरलेले नाही.

गेल्या पौषात वेताच्या आड दोन तांबूस बदके दिसली आणि माझे भान हरपले. चक्रवाकाचे अंग नारिंगी, डोके फिकट, आणि उडताना पंखांवर ठळक पांढरा पट्टा दिसतो. ही दोन्ही शीळ घालीत उडाली. पंख संपूर्ण काळपट! चक्रवाक नव्हे, बारमाही राहणारी आपली साधी अडई. शेजारी हळदी-कुंकू बदक तरंगत होते. त्याच्या चोचीचे पिवळे टोक आणि मुळाशी असलेले तांबडे ठिपके पाहिले की नाव विचारावे लागत नाही.

पत्नी मुलांच्या शाळेसाठी सोलापुरास असते. रात्री फोनवर तिला सारी फजिती सांगितली.

“अहो, पण जोडीने होती ना?” तिने विचारले.

होती.