राष्ट्राध्यक्ष तुरुंगात गेल्या, तरी कोरियातले कामगार रस्त्यावर का होते?

मोठा घोटाळा बाहेर येतो, लोक रस्त्यावर उतरतात, नेता गजाआड जातो. गोष्ट इथे संपते असं आपल्याला वाटतं. दक्षिण कोरियात २०१६-१७ मध्ये हेच घडलं. तिथल्या एका मोठ्या कामगार महासंघाचं म्हणणं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं होतं. नेत्याला जरूर पकडा, पण ज्या व्यवस्थेतून हा पैसा फिरला तिचं काय? आमच्या पगाराचं आणि नोकरीचं काय?

या मागण्या समजून घ्यायच्या तर आधी प्रकरण काय होतं ते बघू.

नेमका घोटाळा काय होता?

पार्क गून-हे या तेव्हा कोरियाच्या राष्ट्राध्यक्ष होत्या. त्यांची जुनी मैत्रीण चोई सून-सिल. तिच्याकडे कुठलंही सरकारी पद नव्हतं. तरीही राष्ट्राध्यक्षांची भाषणं आधी तिच्याकडे जात होती, हे ऑक्टोबर २०१६ मध्ये एका टीव्ही वाहिनीने तिच्या टॅबलेटमधल्या फाइल्सच्या आधारे दाखवलं. पुढे कळलं की तिच्याशी संबंधित दोन संस्थांना देशातल्या बड्या कंपन्यांनी मिळून ७७.४ अब्ज वॉन दिले होते. सॅमसंगने तर चोईच्या घोडेस्वार मुलीसाठी महागडे घोडे पुरवले.

कंपन्या हे का करत होत्या? कोरियात मोजक्या घराण्यांच्या हातात अवाढव्य उद्योगसमूह आहेत. त्यांना 'चेबॉल' म्हणतात. सॅमसंग, ह्युंदाई, एसके, एलजी ही त्यातली मोठी नावं. घराण्याकडे शेअर थोडे, पण एका कंपनीने दुसरीचे आणि दुसरीने तिसरीचे शेअर घ्यायचे अशा गुंतागुंतीतून ताबा पूर्ण. सॅमसंगचे वारस ली जे-योंग यांना हा ताबा पक्का करायला २०१५ मध्ये समूहातल्या दोन कंपन्यांचं विलीनीकरण हवं होतं. त्याच्या बाजूने सरकारी पेन्शन फंडानेही मत दिलं. हा फंड म्हणजे सामान्य कोरियन माणसाच्या म्हातारपणाची पुंजी. त्यासाठी दबाव टाकल्याबद्दल तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना पुढे शिक्षा झाली.

कामगार संघटनांच्या फलकांवर म्हणूनच फक्त 'पार्क राजीनामा द्या' एवढंच नव्हतं. 'चेबॉलही गुन्ह्यात सामील आहेत' हेही होतं.

रस्त्यावर कोण होतं?

२९ ऑक्टोबर २०१६ पासून दर शनिवारी सोलच्या ग्वांगह्वामुन परिसरात लोक मेणबत्त्या घेऊन जमू लागले. १२ नोव्हेंबरला आयोजकांच्या मते दहा लाख लोक आले. हा मोर्चा घोटाळा बाहेर येण्याआधीच ठरलेला होता. कामगार आणि शेतकरी संघटनांनी तो सरकारच्या कामगार धोरणाविरोधात जाहीर केला होता. रागावलेले सामान्य नागरिक आयत्या वेळी त्यात मिसळले आणि तो इतिहासात गेला.

या संघटनांमधली प्रमुख म्हणजे कोरियन कॉन्फेडरेशन ऑफ ट्रेड युनियन्स, म्हणजेच केसीटीयू. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाला सरकारी मान्यता मिळायला १९९९ उजाडलं.

३० नोव्हेंबरला केसीटीयूने राजकीय संप पुकारला. रेल्वे कामगार तर २७ सप्टेंबरपासूनच संपावर होते, कारण सरकारला 'कामगिरीप्रमाणे पगार' आणायचा होता. त्यांचा संप सत्तरहून अधिक दिवस चालला. आणि या सगळ्या काळात केसीटीयूचे अध्यक्ष हान सांग-ग्युन कुठे होते? तुरुंगात. नोव्हेंबर २०१५ च्या अशाच एका मोर्चाचं आयोजन केल्याबद्दल. अटक टाळण्यासाठी त्यांनी सोलमधल्या एका बौद्ध मंदिरात काही आठवडे आसरा घेतला होता. त्याच मोर्चात पाण्याच्या माऱ्याने कोसळलेले वृद्ध शेतकरी बेक नाम-गी दहा महिने कोमात राहून २०१६ च्या सप्टेंबरमध्ये वारले.

९ डिसेंबरला संसदेने २३४ विरुद्ध ५६ मतांनी महाभियोग मंजूर केला. चारच दिवसांनी अपील न्यायालयाने हान यांची पाच वर्षांची शिक्षा तीन वर्षांवर आणली, पण सोडलं नाही. १० मार्च २०१७ ला घटना न्यायालयाने एकमताने पार्क यांना पदावरून हटवलं आणि महिनाअखेर त्यांना अटक झाली. सरकार पडलं तरी ते पाडणाऱ्या आंदोलनातल्या संघटनेचा नेता आतच राहिला. पॅरोलवर बाहेर यायला त्यांना मे २०१८ उजाडलं.

खटल्यांवर भरवसा का नव्हता?

कारण हा सिनेमा कोरियन कामगारांनी आधी पाहिलेला होता.

चुन डू-ह्वान आणि रो ते-वू या दोन माजी राष्ट्राध्यक्षांना १९९६ मध्ये शिक्षा झाल्या. देशभर जल्लोष झाला. डिसेंबर १९९७ मध्ये दोघांनाही माफी मिळाली. सॅमसंगचे ली कुन-ही, म्हणजे ली जे-योंग यांचे वडील, दोनदा दोषी ठरले आणि दोनदा माफी घेऊन मोकळे झाले. ह्युंदाईचे चुंग मोंग-कू यांना तीन वर्षांची शिक्षा झाली, ती पाच वर्षांसाठी स्थगित, आणि मग माफी. हा प्रकार इतका ठरलेला होता की कोरियात त्याला 'तीन-पाचचा नियम' असंच नाव पडलं.

१९९६ चं आणखी एक साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. १६ डिसेंबरला चुन यांच्या अपिलाचा निकाल लागला. दहा दिवसांनी, २६ डिसेंबरच्या पहाटे, सत्ताधारी खासदारांनी विरोधकांना न बोलावता काही मिनिटांत कामगार कायदा बदलून घेतला. त्यात कामगारांना काढून टाकणं सोपं केलं होतं. म्हणजे हुकूमशहांना शिक्षा देणारं सरकार आणि कामगारांच्या नोकरीवर घाला घालणारं सरकार एकच होतं. त्याविरोधात कित्येक आठवडे संप झाला, सरकारला काही अंशी माघार घ्यावी लागली. पण १९९७ च्या आर्थिक संकटात नाणेनिधीचं कर्ज आलं आणि १९९८ मध्ये कपातीची मुभा कायद्यात आलीच.

त्यानंतर कंत्राटी कामगारांची संख्या वाढत गेली. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१६ मध्ये पगारदारांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक 'अनियमित' नोकरीत होते. मे २०१६ मध्ये सोलच्या एका मेट्रो स्थानकात फलाटाचा दरवाजा दुरुस्त करताना १९ वर्षांचा कंत्राटी मुलगा गाडीखाली सापडून मेला. त्याच्या बॅगेत न खाल्लेलं नूडल्सचं पाकीट सापडलं. चोई तुरुंगात गेली म्हणून अशा मुलाचं काम सुरक्षित होणार नव्हतं.

मग मागण्या काय होत्या?

किमान वेतन ताशी १०,००० वॉन करा, तेव्हा ते ६,०३० होतं. अनियमित नोकऱ्या बंद करा. संघटना करण्याचा हक्क खरोखर द्या. चेबॉलवरचा घराण्यांचा ताबा सैल करा. ३० जून २०१७ ला, नवे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांना येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा केसीटीयूने याच मागण्यांसाठी पुन्हा ग्वांगह्वामुन भरवला. शाळांमध्ये स्वयंपाक करणाऱ्या कंत्राटी बायका त्यात मोठ्या संख्येने होत्या. 'आपलं' सरकार आलंय, थोडं थांबा, असा सल्ला त्यांना बऱ्याच जणांनी दिला. त्यांनी तो ऐकला नाही आणि माझ्या मते ते बरोबर केलं.

टीका मात्र पूर्ण खोटी नव्हती. कोरियात तेव्हा दहातला जेमतेम एक कामगार संघटनेत होता, आणि त्यातले बरेच मोठ्या कंपन्यांतले कायम कामगार. कंत्राटी माणसासाठी बोलायचं आणि स्वतःच्या कारखान्यात त्याला सदस्य करून घ्यायला कचरायचं, असंही काही ठिकाणी घडलं.

हाती काय लागलं?

कामगिरीप्रमाणे पगाराची सक्ती गेली. २०१८ मध्ये किमान वेतन १६.४ टक्के वाढून ७,५३० वॉन झालं. आठवड्याची कामाची मर्यादा ६८ तासांवरून ५२ वर आली. पण त्याच वर्षी बोनस आणि भत्त्यांचा काही भाग किमान वेतनात धरायला परवानगी देणारा कायदाही झाला, म्हणजे एका हाताने दिलं ते दुसऱ्याने काढून घेतलं. १०,००० चा आकडा ओलांडायला २०२५ लागलं. तोवर महागाईने त्याची किंमत खाल्ली होती.

खटल्यांचं काय झालं? ली जे-योंग यांना २०२२ मध्ये माफी मिळाली. पार्क यांना २०२१ च्या डिसेंबरमध्येच.

यात आपला एक धागाही आहे. हान सांग-ग्युन हे मूळचे सँगयाँग मोटर्सचे कामगार. २००९ च्या मोठ्या कपातीविरोधात त्यांनी तिथे ७७ दिवस कारखाना ताब्यात ठेवला होता. पुढे ही कंपनी मुंबईच्या महिंद्राने घेतली आणि काढलेल्यांपैकी उरलेल्या ११९ जणांना परत घेण्याचा करार सप्टेंबर २०१८ मध्ये, महिंद्राच्या मालकीच्या काळात झाला.

त्या संपाबद्दल न्यायालयाने कामगारांना ४.७ अब्ज वॉन भरपाई द्यायला सांगितली होती. तेव्हा २०१४ मध्ये लोकांनी पिवळ्या पाकिटांतून प्रत्येकी ४७,००० वॉन पाठवले. संपासाठी कामगारांवर असे दावे लावण्यावर मर्यादा घालणारं आणि कंत्राटी कामगारांना मूळ कंपनीशी वाटाघाटीचा हक्क देणारं विधेयक म्हणूनच 'पिवळं पाकीट' नावाने ओळखलं जातं. राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी ते दोनदा नाकारलं. लष्करी कायदा लादण्याच्या प्रयत्नानंतर यून यांनाही पद सोडावं लागलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ते मंजूर केलं. त्या वेळचे कामगारमंत्री किम यंग-हून हे एकेकाळी रेल्वे इंजिन चालवायचे आणि केसीटीयूचे अध्यक्षही होते.