पिन बसली, म्हणून लावला

खालचा घटनाक्रम कुणा एका घराचा नाही. घर, माणसं आणि वेळा मी कल्पिल्या आहेत. बॅटरीच्या आत जे घडतं ते मात्र रसायनशास्त्राच्या नियमांनीच घडतं.

चार महिने आधी
गणपतीची आरास झाली आणि छोटा कॉर्डलेस स्क्रूड्रायव्हर माळ्यावर गेला. मुठीत मावणारा, ३.६ व्होल्टचा, बॅटरी आतच बसवलेली. शेवटचे स्क्रू पिळताना तो अडखळत होता, पण कुणी चार्ज केला नाही. लिथियम-आयन सेल रिकामा ठेवला की पडल्या पडल्या आणखी उतरतो. अडीच व्होल्टच्या बराच खाली गेला की आतली तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते. पुढे चार्ज करताना तेच तांबं नको त्या जागी साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची सोय करून ठेवतं. अर्धा चार्ज करून ठेवला असता तर चार महिन्यांत त्याला काही झालं नसतं.

दुपारी ४.०० : दहा तास बाकी
पडद्याचा रॉड बसवायचा आहे. बटण दाबलं, यंत्र हूं की चूं करत नाही. मूळ अ‍ॅडॉप्टर सापडत नाही. ड्रॉवरमधल्या वायरींच्या गुंत्यातून मुलगा एक काळा अ‍ॅडॉप्टर ओढून काढतो. जुन्या राउटरचा.

“बाबा, हा बसतोय बघा.”

“बसला ना? मग लाव.”

सगळा अनर्थ या दोन वाक्यांत आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. अ‍ॅडॉप्टरच्या पाठीवर करड्या, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : आउटपुट १२ व्होल्ट, १ अँपिअर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवरचा स्टिकर म्हणतो, ५ व्होल्ट. शेजारी दोन गोलांचं एक चिन्ह असतं. पिनच्या मधोमध धन टोक आहे की ऋण, ते त्यावरून कळतं. व्होल्ट आणि हे चिन्ह जुळलं आणि अँपिअर यंत्राला पुरेसे असले, तरच तो अ‍ॅडॉप्टर त्या यंत्राचा. पिन बसणं ही फक्त मापाची गोष्ट आहे. ५, ९ आणि १२ व्होल्टला सर्रास एकाच मापाची गोल पिन देणाऱ्या उत्पादकांना मी घरच्या माणसांपेक्षा जास्त दोषी धरतो. यूएसबी-सी आधी ५ व्होल्टच देतं आणि यंत्राने मागितल्याशिवाय दाब वाढवत नाही. गोल पिनला अशी विचारपूस ठाऊक नाही.

दुपारी ४.३०
अर्ध्या तासात यंत्र फिरू लागतं. रॉड बसतो. मूठ कोमट लागते, पण कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

रात्री ११.१५ : पावणेतीन तास बाकी
उद्या कपाटाच्या बिजागऱ्या घट्ट करायच्या आहेत. स्क्रूड्रायव्हर पुन्हा चार्जिंगला लागतो, या वेळी सोफ्यावर, उशीला टेकवून. वायर तिथपर्यंतच पोचते. घर झोपतं.

१२.४५
सेल ४.२ व्होल्टला पोचला, म्हणजे भरत आला. चांगलं सर्किट या टप्प्यावर प्रवाह कमी करत नेतं आणि शेवटी बंद करतं. स्वस्त यंत्रांत ते कधी नसतंच, कधी १२ व्होल्टच्या दाबाने जळून गेलेलं असतं. इथे अडवणारं कुणी उरलेलं नाही. प्रवाह चालूच आहे. ग्राफाइटमध्ये जागा न उरलेलं लिथियम आता त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. उष्णता वाढते आणि उशीमुळे ती बाहेर जात नाही.

१.३० : अर्धा तास बाकी
सेलमध्ये वायू साचतो आहे. ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ग्राफाइटवरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो आणि त्यातूनही उष्णता निघते. इथून पुढे आग पेटायला विजेची गरज उरत नाही. कुणी उठून प्लग काढला, तरी उशीर झालेला असू शकतो.

१.५९
१३० अंशांच्या आसपास दोन इलेक्ट्रोडांमधला प्लास्टिकचा पडदा वितळतो. दोन्ही एकमेकांना भिडतात. पुढचं सगळं सेकंदांत होतं : तापमान कित्येक शे अंशांवर, फुस्स असा जोराचा आवाज, ज्वलनशील इलेक्ट्रोलाइटची वाफ आणि ज्योत.

२.००
सोफ्याचा फोम पेट घेतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड आहे, हायड्रोजन फ्लोराइडही आहे. सामान वाचवायला थांबायची ही वेळ नाही. सगळ्यांना उठवा, खोलीचं दार ओढून घ्या, बाहेर पडा, १०१ किंवा ११२ लावा. वाटेतच असेल तर मेन स्विच पाडा. पेटलेलं यंत्र हातात धरून बाल्कनीकडे धावू नका. ते हातातच पुन्हा भडकू शकतं.

काढता येणारी बॅटरी निदान वेगळी करून तपासता तरी येते. आत बसवलेली फुगली तरी सहजी दिसत नाही, आणि ती बिघडली की सगळं यंत्रच टाकावं लागतं. म्हणून अशा यंत्राला त्याचाच अ‍ॅडॉप्टर हवा, चार्जिंग जागेपणी हवं, उघड्या फरशीवर हवं. काम करून तापलेलं यंत्र निवल्यावरच लावा. महिनोन्‌महिने पूर्ण उतरून पडलेलं, फुगलेलं किंवा गोडसर रासायनिक वास येणारं यंत्र चार्जच करू नका. ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे.

आणि आज एवढं कराच : घरातल्या प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवर कागदाची चिकटपट्टी लावून तो कशाचा आहे ते पेनने लिहा. ज्याचं यंत्र घरात उरलेलं नाही, तो अ‍ॅडॉप्टर ड्रॉवरमध्ये ठेवू नका.