तक्रारीची वही कोणाकडे असते?

वॉटर्लूमधला माझा पहिला जानेवारी. नॉर्थडेलमधल्या एका जुन्या घरात आम्ही चौघी भाड्याने राहत होतो. एका रात्री हीटिंग बंद पडलं. घर सांभाळणाऱ्या कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली, फोटो जोडला, लगेच नंबरही मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नंबरापुढे आलं, 'काम पूर्ण'. घरात तर कोणी फिरकलंही नव्हतं! आम्ही जॅकेट घालून झोपलो. पुन्हा तक्रार टाकली तर नवा नंबर मिळाला आणि जुनी तक्रार यादीतून गायब.

आजीला फोनवर हे सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "अगं, मग तुमच्याकडे वही नाही का?"

आजीचं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे भाडेकरूंची एक वही होती. मोरी कधी तुंबली, मालकाच्या गुमास्त्याला कधी सांगितलं, तो काय म्हणाला, हे सगळं त्यात तारखेनिशी, आणि खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या. महत्त्वाचं म्हणजे वही भाडेकरूंच्या घरात राहायची.

ती वही आणि हे ॲप यांचा इतिहास एकत्र वाचला, तर दोन्हीकडे 1969 हे वर्ष भेटतं.

मुंबई: भाडं गोठलं, दुरुस्ती थांबली

1947 च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचं भाडं साधारण 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकलं. घरांची टंचाई होती, त्यात फाळणीनंतर निर्वासित आले. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण सिमेंटचा भाव आणि गवंड्याची मजुरी काही गोठली नव्हती. मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं आणि पावसाळ्यात इमारती पडू लागल्या.

दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी, असं कायद्यात लिहिलेलं होतं. ते आजच्या 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही आहे. नोटीस देऊन 15 दिवसांत काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. म्हणजे महिना 100 रुपये भाडं असेल, तर वर्षाला 300 रुपये. तेवढ्यात सागवानी तुळई बदलून होत नाही.

म्हणून 1969 मध्ये सरकारनेच दुरुस्ती अंगावर घेतली. मुंबई शहर भागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्यातून दुरुस्तीसाठी मंडळ उभं केलं. हे मंडळ पुढे म्हाडात आलं. 'सेस बिल्डिंग' हा शब्द घरी ऐकला असेल, तो इथला. 19,642 इमारती नोंदवल्या गेल्या. त्यातल्या 16,502 तर सप्टेंबर 1940 च्या आधीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. दुरुस्तीचा प्रश्न आता एका मालकाचा आणि एका भाडेकरूचा राहिला नाही. ती एक सरकारी यादी झाली. यादीने घरं सुरक्षित झाली असं नाही. आजही दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची नावं जाहीर करतं. पण निदान ती नावं सगळ्यांना वाचता येतात.

ऑन्टारिओ: जबाबदारी एकेकाची

त्याच 1969 मध्ये ऑन्टारिओने वेगळी वाट धरली. तोवर इथे जुना इंग्लिश जमीन कायदा चालायचा. भाडं आणि दुरुस्ती ही दोन स्वतंत्र वचनं. छत गळत असलं तरी भाडं भरायचंच. प्रांताच्या कायदा सुधारणा आयोगाने 1968 मध्ये बदल सुचवले आणि 1 जानेवारी 1970 पासून घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी झाली.

आजचा कायदा 2006 चा आहे. भाडेकरूला घर घेताना बिघाड माहीत होता, ही सबबसुद्धा त्यात चालत नाही. 1 सप्टेंबर ते 15 जून या काळात घरात किमान 20 अंश तापमान हवं, असं प्रांताचे नियम सांगतात. ते कुठे मोजायचं तेही लिहिलंय: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून एक मीटर आत.

पण इथे कोणतंही मंडळ तुमच्या घराची यादी घेऊन बसलेलं नाही. लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे 'टी 6' अर्ज तुम्हीच करायचा, साधारण एका वर्षाच्या आत, आणि पुरावाही तुम्हीच द्यायचा. मुंबईसारखा आपल्या मनाने खर्च भाड्यातून कापलात, तर ती थकबाकी धरून तुम्हालाच घर सोडायची नोटीस येऊ शकते. म्हणजे इथे सगळं नोंदीवर येऊन थांबतं.

वॉटर्लू: चार महिन्यांची आठवण

आणि वॉटर्लूत नेमकी नोंदच टिकत नाही. 1957 मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेच को-ऑप पद्धतीने. काही महिने अभ्यास, काही महिने नोकरी. त्यामुळे दर चार महिन्यांनी सबलेट, नवी माणसं. आजीच्या चाळीत तीन पिढ्यांना माहीत असायचं की कोणती भिंत ओल धरते. आमच्या घरात मागच्या हिवाळ्यात हीटिंग बंद पडलं होतं का, हे सांगायला कोणीच नव्हतं.

शहराने 1 एप्रिल 2012 पासून छोट्या भाड्याच्या घरांना परवाना सक्तीचा केला. वायरिंग आणि हीटिंगच्या तपासणीची कागदपत्रं मालकाला द्यावी लागतात. पण परवाना म्हणजे ठरावीक दिवशीची तपासणी. जानेवारीतल्या त्या रात्रीची आठवण राहते फक्त ॲपमध्ये.

हे ॲप कोणासाठी जन्मलं? 1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात अनंत यार्दी यांनी कंपनी काढली. भारतातून गेलेला हा अभियंता. ॲपल टू संगणकावर चालणारा त्यांचा पहिला प्रोग्रॅम घरमालकांना मालमत्तेचा कारभार ठेवायला मदत करायचा. या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांत आज तिचं नाव घेतलं जातं. अशा प्रणालींचा सुरुवातीपासूनचा ग्राहक घरमालक. भाडेकरूला तक्रारीची खिडकी नंतर मिळाली. त्यात गैर काही नाही, आणि खिडकी खरंच सोयीची आहे. रात्री दोन वाजता गुमास्ता सापडला नसता. फक्त 'काम पूर्ण' हे बटण कोणाच्या हातात आहे आणि जुनी तक्रार कोणाला दिसते, हे ज्याचं दप्तर तो ठरवतो.

आम्ही मग आजीचं ऐकलं. एक शेअर्ड शीट उघडली. तारीख, वेळ, तक्रारीचा नंबर, स्क्रीनशॉट, आणि दीड मीटरवर धरलेल्या थर्मामीटरचा फोटो: 13 अंश. दोघींनी खाली नावं घातली आणि ते सगळं कंपनीला ईमेल केलं. दुसऱ्या दिवशी माणूस आला.

एक मेला घर सोडलं तेव्हा किल्ल्यांबरोबर त्या शीटची लिंकही पुढच्या मुलांना दिली. जूनमध्ये सहज उघडून बघितली. त्यांनी एक ओळ वाढवली होती: 'तळघरात पाणी, फोटो जोडला आहे.'