अंगावर पाजणारी आई आणि तापाची गोळी

अंगावर पाजणाऱ्या आईला ताप आला म्हणजे घरांत दोन भयें एकदम उभीं राहतात. गोळी घ्यावी, तर ती दुधांतून बाळाला बाधेल. न घ्यावी, तर आईचें अंग फणफणलेलें. मग एक तर आईनें ताप सोसावयाचा, नाहीं तर बाळाला वरचें दूध सुरू करावयाचें, असा निर्णय होतो. ह्या भयाला आधार किती, हें त्या गोळीच्या इतिहासावरून कळतें.

पॅरासिटामॉल प्रथम बनलें तें १८७८ सालीं, अमेरिकेंत हार्मन मोर्स ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. पुढें १८८६ सालीं स्ट्रासबुर्ग येथें कान व हेप ह्या डॉक्टरांना ॲसिटॅनिलाइड ह्या त्याच्याच भावंडानें ताप उतरतो असें आढळलें, आणि तेंही दुसऱ्या औषधाऐवजीं चुकून तें दिलें गेल्यामुळें. ताप उतरे, पण कित्येक रोग्यांचे ओठ निळे पडत. कारण रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटे. १८९३ सालीं फोन मेरिंग यांनीं पॅरासिटामॉलवरही हाच आरोप ठेवला. त्यांच्या द्रव्यांत भेसळ असावी, असा आज तर्क आहे. परंतु त्या आरोपामुळें एक गुणकारी औषध अर्धें शतक अडगळींत पडलें.

१९४८ सालीं न्यूयॉर्क येथें ब्रॉडी व ॲक्सेलरॉड यांनीं त्याची सुटका केली. ॲसिटॅनिलाइडचें शरीरांत पॅरासिटामॉल होतें, गुण येतो तो त्याचा, आणि दोष निराळ्या पदार्थाचा, हें त्यांनीं दाखविलें. १९५५ सालीं अमेरिकेंत तें मुलांसाठीं पातळ औषध म्हणून विक्रीस आलें.

आतां दुधाविषयीं. पॅरासिटामॉल दुधांत उतरतें खरें. पण त्याचा अंश, बाळाला तापावर जी मात्रा प्रत्यक्ष देतात तिच्या मानानें, अगदीं थोडा असतो. म्हणून योग्य मात्रेंत तें घेऊन पाजणें चालू ठेवण्यास वैद्यकशास्त्राची हरकत नाहीं. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी. १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर राय यांनीं मुलांच्या यकृतावर व मेंदूवर घाला घालणाऱ्या एका विकाराचें वर्णन केलें. त्याचा ॲस्पिरिनशीं संबंध पुढें दिसून आला. म्हणून पाजणाऱ्या आईनें तापावर तें टाळावें. कोडीन मिसळलेल्या गोळ्याही टाळाव्या. २०१७ सालीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें तशी स्पष्ट सूचना दिली.

मात्र निर्धोक म्हणजे अमर्याद नव्हे. १९६६ सालीं ह्याच औषधाच्या अतिमात्रेनें यकृत नासल्याचीं उदाहरणें ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालीं. प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही शेवटची सीमा. दोन मात्रांत निदान ४ तासांचें अंतर हवें. शरीर कृश असल्यास वा यकृताचा विकार असल्यास ही सीमा डॉक्टरांनीं ठरवावी. सर्दीच्या कित्येक तयार गोळ्यांत हेंच औषध असतें, तेंही हिशेबांत धरावें.

आणि एक गोष्ट विसरूं नये. गोळी ताप उतरविते, तापाचें कारण नाहींसें करीत नाहीं. बाळंतिणीचा ताप गर्भाशयांतील वा स्तनांतील जंतुदोषाची खूण असूं शकतो. तो गोळीखालीं झांकून न ठेवतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावा. मेरिंग यांच्या काळीं भयानें औषध दूर ठेवलें. आपल्या काळीं सवयीनें तें हाताशीं आलें आहे. दोन्ही वेळां मोजमापच उपयोगी पडतें.