पाँटून नौका : इंजिनाची निवड आणि डेकवर उडणारे पाणी (नांदेड–लातूर परिसर)

दोन किंवा तीन बंद, पोकळ नळकांड्यांवर सपाट डेक बसवून केलेली नाव म्हणजे पाँटून नौका. तिचे आजचे रूप अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात घडले. तेथील अँब्रोझ वीअर्स या शेतकऱ्याने १९५२ साली लोखंडी पिंपे टोकाला टोक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या आणि वर लाकडी फळ्या ठोकल्या. पुढे पिंपांची जागा ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांनी घेतली. रुंद तळामुळे ही नाव सहजी कलत नाही, उथळ पाण्यातही चालते आणि म्हातारीकोतारी माणसे तिच्यावर न घाबरता चढतात. शांत जलाशयासाठी तिच्याइतकी सोयीची नाव क्वचितच सापडेल.

नांदेड व लातूरच्या परिसरात समुद्र नाही, पण अशा नावेजोगे पाणी आहे. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे व त्याच्या काठी काळेश्वराचे मंदिर आहे. मन्याड नदीवर लिंबोटी व बारूळ येथे प्रकल्प आहेत. लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे. या जलाशयांची पातळी स्थिर राहत नाही. २०१६ मध्ये मांजरा आटले, तेव्हा १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. एरवीही उन्हाळ्यात काठाचा गाळ, झाडांचे बुंधे, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि मासेमारीची जाळी वर येतात. म्हणून इंजिन निवडताना ते झटकन वर उचलता येते का, हे आधी पाहावे. किती अश्वशक्तीचे आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

शक्तीचा हिशेब वजनापासून सुरू होतो. ६० सेंटिमीटर व्यासाची, ६ मीटर लांबीची दोन नळकांडी पूर्ण बुडाली तर सुमारे ३.४ टन पाणी सारतात. ती निम्म्याहून जास्त बुडू न देणे हा चांगला दंडक आहे, म्हणजे नाव, इंजिन, इंधन आणि माणसे मिळून १.७ टनांची मर्यादा. सरासरी ७० किलोची बारा माणसे धरली, तर ८४० किलो त्यांचेच होतात. एवढ्या लांबीच्या नावेला ताशी सुमारे ११ किलोमीटरपर्यंत पाणी फारसा विरोध करत नाही. त्यापुढे वेग थोडा वाढवायलाही शक्ती भरमसाट लागते. घाटाकाठी किंवा पक्षी पाहायला लोकांना फिरवायचे असेल, तर या मर्यादेतच राहावे. येथे वेगापेक्षा रेटा महत्त्वाचा. मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर सरकणारा) पंखा आणि जास्त गिअर-घट असलेले इंजिन जड नाव वाऱ्याविरुद्धही ताब्यात ठेवते. बसवलेला पंखा योग्य आहे की नाही हे पूर्ण भार घालूनच ठरते: पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत आले पाहिजेत. कमी भरले तर पिच जास्त आहे आणि इंजिन गुदमरते आहे.

उंचीमुळेही थोडी शक्ती जाते. समुद्रसपाटीपासून दर १०० मीटरला साधारण एक टक्का धरला, तर सुमारे ६०० मीटरवरच्या लातूर भागात पाच-सहा टक्के कमी होतात. मे महिन्यातील विरळ, तापलेली हवा त्यात आणखी भर घालते. गोदावरीतली जलपर्णी पंख्याला गुंडाळते व थंड पाणी ओढणारी छिद्रे बुजवते. काळ्या मातीचा गाळ पाणी खेचणाऱ्या रबरी इंपेलरला झिजवतो. इंजिनामागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, की तिथेच थांबून छिद्रे साफ करावीत.

इंधनाची गोष्ट या उसाच्या पट्ट्यात विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. बहुतेक आउटबोर्ड (नावेच्या मागे टांगलेल्या) इंजिनांना मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि नाव महिनोन्‌महिने उभी राहिली, तर टाकीत पाणी वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून थोडे थोडे ताजे पेट्रोल घ्यावे आणि पाणी गाळणारा फिल्टर बसवावा. विष्णुपुरी व मांजरा हे पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनातून इंधनाचा मोठा वाटा न जळताच पाण्यात जातो. अशा साठ्यावर तसले इंजिन चालवू नये. फोर-स्ट्रोक हा किमान पर्याय. कमी अंतराच्या फेऱ्यांना विजेचे इंजिन सर्वांत योग्य. ५ किलोवॉटचे इंजिन पूर्ण शक्तीने तासाला ५ युनिट खाते, म्हणजे १० युनिटच्या बॅटरीवर कागदोपत्री दोन तास. परतीच्या वाऱ्यासाठी त्यातला तिसरा हिस्सा हात न लावता राखून ठेवावा.

डेकवर पाणी का उडते, याचे मूळ नळकांड्याच्या गोलाईत आहे. धारदार कडा नसल्याने पाणी नळकांड्याला चिकटून वर चढते. दोन्ही नळकांड्यांच्या आतल्या बाजूच्या लाटा मध्ये भेटतात, उंचावतात आणि डेकखालच्या आडव्या तुळयांवर आपटतात. फुटलेले पाणी फळ्यांच्या फटींतून व मागे इंजिनाच्या जागेतून वर येते. दुसरे कारण वजन. सगळे प्रवासी फोटोसाठी पुढे जमले, की नाकाड खाली जाते आणि लाट थेट डेकवर येते. ओल्या डेकवर पाय घसरणे हा अशा नावेवरचा एक खरा धोका आहे.

तिसरे कारण इंजिनाच्या पायाची लांबी. आउटबोर्डचे पाय १५, २० व २५ इंचांचे मिळतात. पाँटूनचा डेक उंच असल्याने १५ इंची पाय आखूड पडतो, पंखा हवा ओढतो आणि मागे कारंजे उडते. पाय फार खोल गेला, तर त्याचा पुढचा काठच पाणी फाडून वर फेकतो. पंख्यावरची आडवी पट्टी चालत्या नावेत पाण्याच्या किंचित खाली राहील, अशी उंची ठेवावी.

पत्रे ठोकण्याआधी फुकटचे उपाय करावेत: माणसे मागे बसवावीत, इंजिनाचा कोन बदलावा, उंची एकेका छिद्राने वर-खाली करून पाहावी. एवढ्याने बराच फरक पडतो. तरी पाणी उडत राहिले, तर तुळयांखाली ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा जडवतात. त्यामुळे लाट तुळयांवर आपटण्याऐवजी घसरून मागे जाते. नळकांड्याच्या आतल्या अंगाला लांब पट्टी वेल्ड केली, की पाणी तिथे सुटते आणि वर चढत नाही. हे वेल्डिंग कसबी हातांनीच व्हावे, कारण नळकांड्याला पडलेले बारीक भोकही आत पाणी भरते.

पुरात ही नाव उपयोगाची नाही. सपाट डेकखाली जोरकस प्रवाह शिरला, की ती उलथू शकते. बचावाला हवेने फुगवलेल्या नावाच योग्य. मात्र धरणाच्या फुगवट्याने रस्ता तुटलेल्या गावांसाठी तिचा विचार व्हायला हवा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिवधानोरा येथील मुले थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेत जातात, ही बाब २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. कठडा, लाइफ जॅकेट आणि छोटे विजेचे इंजिन असलेली पाँटून अशा संथ पाण्यावर पूल होईपर्यंत वापरता येईल. यंत्रचलित नावेला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये नोंदणी व तपासणी लागते.