डॉक्टर हू अँड द पायरेट्स
ब्रिटिश विज्ञानकाल्पनिक श्राव्यनाटक. लेखिका जॅकलिन रेनर. निर्मिती बिग फिनिश, २००३. कालप्रवासी डॉक्टर (कॉलिन बेकर) आणि इतिहासाच्या प्राध्यापिका एव्हलिन स्माइथ (मॅगी स्टेबल्स) यांची गाठ खजिन्यामागे लागलेल्या चाच्यांशी पडते. चाच्यांचा कप्तान रेड जॅस्पर बिल ऑडी यांच्या आवाजात आहे. खरी गंमत मात्र कथनात. एव्हलिन ही हकीकत सॅली या मनाने खचलेल्या विद्यार्थिनीला तिखटमीठ लावून सांगते आणि सॅली तिला मध्येच अडवते. तिसऱ्या भागात तर गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांच्या चालींवर मंडळी चक्क गाऊ लागतात, डॉक्टरही! ऐकताना हा थिल्लरपणा वाटतो खरा. पण पोरसवदा खलाशी जेमच्या मृत्यूचा प्रसंग एव्हलिन लांबणीवर टाकते आहे, हे हळूहळू उमगते.